पराभूताची खात्री : भारतातील मतदानपद्धती आणि विश्वासाचा इतिहास

निवडणुकीचा निकाल विजयी उमेदवाराला पटवून द्यावा लागत नाही. तो पटावा लागतो पराभूत उमेदवाराला, त्याच्या कार्यकर्त्यांना आणि त्याला मत देणाऱ्या लोकांना. सत्तांतर शांततेने घडते ते याच पटण्याच्या बळावर, आणि म्हणून मतदानाची कोणतीही पद्धत पारखताना मोजणी किती वेगाने झाली यापेक्षा हरलेल्या बाजूला ती मोजणी आपल्या डोळ्यांनी कितपत तपासता आली हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो. इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्रांविषयी, म्हणजे ईव्हीएमविषयी, भारतात गेली चार दशके चाललेला वाद बहुधा ‘यंत्रात फेरफार होऊ शकतो का’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. या देशातील मतदानपद्धतीचा इतिहास मात्र असे दाखवतो की, संशय यंत्रासोबत आला नाही, कागदाच्या काळातही तो होताच. आणि दर वेळी तो शमला तो कोणाच्या ग्वाहीने नव्हे, तर तपासणीची एखादी नवी सोय झाल्यावर.

पेट्यांचा काळ

१९५१-५२ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा मतदारांची संख्या १७ कोटींहून अधिक होती आणि १९५१च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. उमेदवाराचे नाव वाचून त्यापुढे खूण करण्याची अपेक्षा बहुसंख्य मतदारांकडून करता येणार नव्हती. यावर पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या काळात निघालेला तोडगा असा की, प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवायची, तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवायचे आणि मतदाराने कोरी मतपत्रिका आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. या पेट्या लाखोंच्या संख्येने लागल्या व त्यांतील मोठा वाटा मुंबईतील विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाला. मतपत्रिका नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, म्हणजे जिथे सरकारचे मुद्रांक व रोखे छापले जात त्याच छापखान्यात, छापल्या गेल्या. मतपत्रिका हा नोटेइतकाच जपण्याचा कागद आहे, ही जाणीव त्या निवडीतच होती.

या पद्धतीत मतदाराला लिहिता-वाचता येण्याची गरज उरली नाही, परंतु तिच्यात एक मोठे छिद्र होते. मतपत्रिकेवर कोणतीच खूण नसल्यामुळे ती पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येई आणि उमेदवाराच्या माणसाला विकता येई, आणि अशा जमवलेल्या मतपत्रिका पुढे एकाच मतदाराच्या हातून एकाच पेटीत जाऊ शकत. म्हणून १९६०-६१ मधील केरळ व ओरिसाच्या मध्यावधी निवडणुकांपासून आणि देशभर १९६२ पासून खुणेची पद्धत आली : सर्व उमेदवारांची नावे व चिन्हे एकाच मतपत्रिकेवर, मतदाराच्या हाती रबरी शिक्का आणि सर्वांसाठी एकच पेटी. त्या शिक्क्याची घडण लक्ष देऊन पाहण्याजोगी आहे. बाणांच्या टोकांची ती फुली अशी आखलेली असते की तिचे आरशातील प्रतिबिंब मूळ आकृतीशी जुळत नाही. त्यामुळे शाई ओली असतानाच मतपत्रिकेची घडी पडली आणि समोरच्या भागावर दुसरा ठसा उमटला, तर मूळ ठसा कोणता व उलटा उमटलेला कोणता हे मोजणीच्या टेबलावर बसलेल्या कोणालाही नुसत्या नजरेने ओळखता येते. मत बाद ठरवायचे की ग्राह्य धरायचे हा निर्णय अधिकाऱ्याच्या मर्जीवर न सोडता, सर्व उमेदवारांच्या प्रतिनिधींना एकाच वेळी दिसेल अशा पुराव्यावर सोडण्याची ही युक्ती होती. निवडणुकीची सगळी जुनी तंत्रे, म्हणजे लाखेची मोहोर, अनुक्रमांकाची स्थळप्रत, बोटावरची न पुसणारी शाई, अशाच प्रकारची आहेत. ती समजायला तज्ज्ञ लागत नाही.

तरीही कागद संशयमुक्त नव्हता. १९७१च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या काँग्रेसला मोठे यश मिळाल्यानंतर, दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे नेते बलराज मधोक यांनी असा आरोप केला की, मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केलेली होती, त्यामुळे मतदाराने मारलेला ठसा काही काळाने नाहीसा होत असे आणि गाय-वासरू या काँग्रेसच्या चिन्हापुढे आधीच मारून ठेवलेला अदृश्य ठसा उघड होत असे. आरोप अनेकांना अशक्य कोटीतला वाटला, पण तो न्यायालयाने हसण्यावारी नेला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि नमुन्यादाखल मतपत्रिका प्रत्यक्ष उघडून तपासण्यास परवानगी मिळाली. आरोप सिद्ध झाला नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की, संशय कितीही टोकाचा असला तरी तो तपासण्याजोगी वस्तू शिल्लक होती. गठ्ठे सोडता येत होते आणि पुन्हा बांधता येत होते.

कागदाचा खरा घात झाला तो रसायनाने नव्हे, दंडेलीने. बिहारमधील बेगुसराय भागातील रचियाही येथे १९५७ साली घडलेला प्रकार हे मतदान केंद्र बळकावण्याचे पहिले उदाहरण म्हणून सांगितले जाते. पुढच्या तीन दशकांत ‘बूथ कॅप्चरिंग’ हा शब्द भारतीय राजकारणात रूढ झाला. हत्यारबंद टोळी केंद्रात शिरे, मतदान केंद्राध्यक्षाला बाजूला बसवी आणि मतपत्रिकांच्या पुस्तिकांवर भराभर शिक्के मारून थोड्या वेळात शेकडो मते पेटीत टाकून निघून जाई. ज्यांची मते अशी परस्पर पडत, ते बहुधा गावातील दुबळे आणि दलित समाजांतले मतदार असत. मतदानयंत्राच्या इतिहासाची सुरुवात या अन्यायापासून होते. हे विसरून केवळ कागदाच्या निर्मळतेची आठवण काढणे इतिहासाला धरून होत नाही.

परूरची पन्नास केंद्रे

यंत्राची कल्पना मुख्य निवडणूक आयुक्त श्यामलाल शकधर यांच्या काळात, १९७७ मध्ये, पुढे आली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया या सरकारी कंपनीने १९७९ पर्यंत पहिला नमुना तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी आयोगाने तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवला. नंतर बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही दुसरी सरकारी कंपनीही या कामात आली. पुढे रूढ झालेल्या यंत्राच्या बाह्य रचनेचे काम पवईच्या आयआयटी मुंबईतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ए. जी. राव आणि रवी पूवय्या या अध्यापकांनी केले. ज्याने कधी विजेचे बटणही दाबले नसेल अशा मतदाराला चिन्ह, निळे बटण आणि लाल दिवा यांचा संबंध कोणी न सांगता कळावा, हा त्या रचनेमागचा विचार होता.

यंत्राचा पहिला प्रयोग १९ मे १९८२ रोजी केरळच्या परूर विधानसभा मतदारसंघात झाला. तेथील ८४ मतदान केंद्रांपैकी ५० केंद्रांवर यंत्रे ठेवण्यात आली आणि उरलेल्या ३४ केंद्रांवर मतपत्रिका. कम्युनिस्ट पक्षाचे उमेदवार शिवन पिल्लै यांनी मतदानापूर्वीच यंत्रांना उच्च न्यायालयात हरकत घेतली होती, ती फेटाळली गेली. आणि मग निकालात तेच विजयी झाले. त्यांना ३०,४५० व काँग्रेसचे ए. सी. जोस यांना ३०,३२७ मते पडली, म्हणजे फरक १२३ मतांचा. आता न्यायालयात जाण्याची पाळी जोस यांची होती. यंत्रावरचा आक्षेप हा विचारसरणीचा नसून पराभवाच्या बाजूचा असतो, हा पुढे वारंवार आलेला अनुभव या पहिल्याच प्रयोगात नोंदला गेला आहे. त्यावरून तो आक्षेप खोटा ठरत नाही. पराभूत बाजूनेच निकाल तपासायचा असतो, तशी मुभा असावी म्हणूनच निवडणूक याचिकेची तरतूद कायद्यात आहे.

सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च १९८४ रोजी निकाल दिला. यंत्र चांगले की वाईट याचा निवाडा न्यायालयाने मुख्य मानला नाही. त्याच्यापुढचा प्रश्न अधिकाराचा होता. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ने निवडणुकांवर देखरेख, निदेशन व नियंत्रण यांचे अधिकार आयोगाला दिले आहेत, परंतु जिथे संसदेने कायदा केलेला आहे तिथे आयोगाला स्वतःच्या आदेशाने त्यापलीकडे जाता येत नाही, आणि त्या वेळचा कायदा व नियम मतपत्रिकेचेच होते. यंत्रांवर झालेले मतदान रद्द ठरले, त्या ५० केंद्रांवर मतपत्रिकांनी फेरमतदान झाले आणि त्यात जोस विजयी झाले. ज्या यंत्राला कायद्याचा आधार नाही त्याला लोकांचा विश्वास मागता येत नाही, एवढी गोष्ट या खटल्याने पक्की केली.

कायदा, गोदाम आणि गोवा

कायद्याचा आधार यायला आणखी काही वर्षे गेली. डिसेंबर १९८८ मध्ये संसदेने लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मध्ये कलम ६१-क घातले आणि १५ मार्च १९८९ पासून यंत्रांचा वापर कायदेशीर झाला. त्याच दुरुस्तीने मतदान केंद्र बळकावणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवला व अशा केंद्रावरील मतदान रद्द करण्याचा अधिकार आयोगाला दिला, आणि या दोन तरतुदी एकत्र येण्यातच यंत्र कशासाठी हवे होते ते उघड होते. सुमारे दीड लाख यंत्रे विकत घेण्यात आली, पण राजकीय पक्षांचे एकमत होईना म्हणून ती वर्षानुवर्षे गोदामांत पडून राहिली. निवडणूक सुधारणांसाठी नेमलेल्या दिनेश गोस्वामी समितीच्या सूचनेवरून प्रा. एस. संपत यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती बसली आणि तिने एप्रिल १९९० मध्ये यंत्रे तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असल्याचा व वेळ न दवडता ती वापरात आणण्याचा अभिप्राय दिला. तरीही प्रत्यक्ष वापर नोव्हेंबर १९९८ मध्येच, मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्ली येथील १६ विधानसभा मतदारसंघांत, सुरू झाला.

संपूर्ण राज्याची निवडणूक यंत्रांवर घेण्याचा पहिला मान गोव्याकडे जातो. जून १९९९ मध्ये तेथील विधानसभेच्या सर्व ४० जागांसाठी यंत्रांवर मतदान झाले. लहान मतदारसंघ आणि साक्षर मतदार यांमुळे नव्या पद्धतीची परीक्षा घ्यायला गोवा सोयीचा होता. त्यानंतर टप्प्याटप्प्याने वापर वाढत गेला आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व ५४३ मतदारसंघांत, दहा लाखांहून अधिक यंत्रांवर, मतदान झाले.

यंत्राची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. त्याचे मूळ भाग दोन : मतदान कक्षात मतदारापुढे असलेले बॅलट युनिट आणि केंद्रावरील अधिकाऱ्यापुढे असलेले कंट्रोल युनिट, दोन्ही पाच मीटरच्या केबलने जोडलेले. अधिकाऱ्याने आपल्याकडील ‘बॅलट’ बटण दाबल्याशिवाय मतदाराचे बटण चालत नाही आणि एका वेळी एकच मत नोंदले जाते. यंत्र बॅटरीवर चालते, त्यामुळे वीज नसलेल्या पाड्यावरही ते नेता येते. आणि ते इंटरनेटला किंवा दुसऱ्या कोणत्याही जाळ्याला जोडलेले नसते. सुरुवातीच्या यंत्रांत मिनिटाला पाचच्या आसपासच मते नोंदता येत, त्यामुळे एखादी टोळी आत शिरली तरी शेकडो मते टाकायला तिला तास-दोन तास थांबावे लागे, आणि तेवढ्या अवधीत केंद्राध्यक्षाने ‘क्लोज’ बटण दाबले की यंत्र पुढे एकही मत घेत नसे. बाद मतांचा प्रश्न संपला, रात्र-रात्र चालणारी मोजणी काही तासांवर आली. ज्या अन्यायासाठी यंत्र आणले त्याला त्याने खरोखरच मोठा आळा घातला.

परंतु या लाभासोबत दोन गोष्टी हातच्या गेल्या. पहिली म्हणजे फेरमोजणीचा अर्थ. मतपत्रिकांची फेरमोजणी म्हणजे प्रत्येक मताकडे पुन्हा पाहणे. यंत्राची फेरमोजणी म्हणजे ‘रिझल्ट’ बटण पुन्हा दाबून तोच आकडा पुन्हा वाचणे. मतदाराने दाबलेले बटण आणि यंत्राच्या स्मृतीत गेलेली नोंद यांच्यामधली वाट कोणालाच दिसत नव्हती. दुसरी गोष्ट होती गावाच्या मताची गुप्तता. कागदाच्या काळात, जिथे मतदारांवर दडपण येण्याची भीती असे तिथे, अनेक केंद्रांच्या मतपत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत, त्यामुळे कोणत्या वस्तीने कोणाला मत दिले हे कळत नसे. यंत्राने प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा व उघड केला. अनेक यंत्रांची बेरीज एकदम करणारे ‘टोटलायझर’ नावाचे उपकरण वापरावे अशी सूचना आयोगाने २००८ मध्ये केली, विधी आयोगाने २०१५ मध्ये तिला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ती स्वीकारली नाही.

उघडून दाखवलेले यंत्र

२००९च्या लोकसभा निवडणुकीनंतर भारतीय जनता पक्षाच्या नेत्यांनी यंत्रांविषयी उघडपणे शंका घेतल्या; पक्षाचे जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी २०१० मध्ये या विषयावर पुस्तक लिहिले आणि त्याला लालकृष्ण अडवाणी यांची प्रस्तावना होती. त्याच वर्षी हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद, अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ जे. ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्समधील रॉप गोंगग्रिप यांनी एका खऱ्या भारतीय यंत्राचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी दोन प्रकार करून दाखवले : यंत्राचा आकडे दाखवणारा फलक काढून हुबेहूब तसाच दिसणारा, पण बाहेरून मोबाइलने आज्ञा घेणारा फलक बसवणे, आणि मतदान व मोजणी यांच्या दरम्यान स्मृतीच्या चिपवर लहानसे उपकरण चिमट्यासारखे लावून नोंदी बदलणे. आयोगाचे म्हणणे असे की, यंत्रे सीलबंद व पहाऱ्यात असताना असे हाताळायला कोणालाच मिळणार नाही. पण अभ्यासासाठी वापरलेले यंत्र मुंबईतील सरकारी ताब्यातून चोरीला गेल्याच्या तक्रारीवरून हरिप्रसाद यांना ऑगस्ट २०१० मध्ये अटक झाली, आणि त्या कारवाईनेच पहाऱ्यातले यंत्र बाहेर जाऊ शकते ही गोष्ट नकळत मान्य केली. प्रत्यक्ष निवडणुकीत असा प्रकार घडल्याचा पुरावा या अभ्यासाने दिला नव्हता, तसा त्याचा दावाही नव्हता. यंत्राची सुरक्षितता यंत्राहून अधिक त्याच्या राखणीवर अवलंबून आहे, एवढे त्याने दाखवले.

याच सुमारास युरोपात या प्रश्नाची वेगळी उत्तरे निघत होती. नेदरलँड्सने यंत्रे बाजूला ठेवून कागद व पेन्सिल पुन्हा स्वीकारली. आयर्लंडने पाच कोटी युरोंहून अधिक खर्च करून घेतलेली यंत्रे देशभर वापरात न आणताच भंगारात काढली. जर्मनीच्या संघीय संविधान न्यायालयाने ३ मार्च २००९ रोजी दिलेला निकाल विचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. २००५च्या निवडणुकीत गैरप्रकार झाला असे त्या न्यायालयाने म्हटले नाही. निवडणूक ही सार्वजनिक बाब असल्यामुळे तिचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला, विशेष तांत्रिक ज्ञानाशिवाय, विश्वासार्हपणे पडताळता आले पाहिजेत, आणि वापरलेल्या यंत्रांत ते शक्य नव्हते, म्हणून त्यांचा वापर संविधानाशी विसंगत ठरवला गेला. भारतातील वादाला या निकालाने कसोटी पुरवली : ‘गैरप्रकार सिद्ध करा’ हे आव्हान पुरेसे नाही, ‘गैरप्रकार झाला नाही हे आम्ही कसे पडताळायचे’ या प्रश्नालाही उत्तर हवे.

सात सेकंदांची चिठ्ठी

भारताने कागदाकडे परत न जाता यंत्रालाच कागद जोडला. ४ ऑक्टोबर २०१०च्या सर्वपक्षीय बैठकीत ही मागणी पुढे आली, जुलै २०११ मध्ये लडाख, जैसलमेर, चेरापुंजी, तिरुवनंतपुरम व पूर्व दिल्ली अशा भिन्न हवामानांच्या ठिकाणी चाचण्या झाल्या आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नियम बदलले. व्होटर व्हेरिफाएबल पेपर ऑडिट ट्रेल, म्हणजे व्हीव्हीपॅट, हे बॅलट युनिटशेजारी ठेवलेले छपाईयंत्र आहे. मतदाराने बटण दाबले की उमेदवाराचा क्रमांक, नाव व चिन्ह छापलेली चिठ्ठी काचेमागे सुमारे सात सेकंद दिसते व मग कापली जाऊन खालच्या बंद पेटीत पडते. सप्टेंबर २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत ते प्रथम वापरले गेले. त्यानंतर सुमारे महिनाभराने, ८ ऑक्टोबर २०१३ रोजी, सुब्रमण्यम स्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने असा कागदी पुरावा ही मुक्त व निर्भय निवडणुकीची अत्यावश्यक गरज असल्याचे सांगून तो टप्प्याटप्प्याने सर्वत्र आणण्याचा आदेश दिला. २०१७ मध्ये सर्व केंद्रांवर व्हीव्हीपॅट असलेली पहिली विधानसभा निवडणूक पुन्हा गोव्यातच झाली आणि २०१९ मध्ये ती सोय संपूर्ण लोकसभा निवडणुकीत आली.

चिठ्ठी आली तसा वादाचा विषय बदलला. आता प्रश्न उरला तो किती चिठ्ठ्या मोजायच्या हा. आधी प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील एका केंद्राच्या चिठ्ठ्या मोजल्या जात. २१ विरोधी पक्षांच्या नेत्यांनी निम्म्या मोजाव्यात अशी मागणी केली आणि ८ एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने ती संख्या पाच केंद्रांवर नेली. त्या निवडणुकीत वीस हजारांहून अधिक यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजल्या गेल्या. आंध्र प्रदेशातील मैदुकूर मतदारसंघातल्या एका केंद्रावर आढळलेल्या फरकाचे कारण असे निघाले की, मतदान सुरू होण्यापूर्वी प्रतिनिधींसमोर घेतल्या जाणाऱ्या अभिरूप मतदानाच्या चिठ्ठ्या पेटीतून काढायच्या राहून गेल्या होत्या. फरक दिसला, कारण सापडले आणि शंका मिटली. मोजणीचा हाच उपयोग असतो.

व्हीव्हीपॅटने एक नवी शंकाही जन्माला घातली. मूळ यंत्राविषयी असे सांगितले जाई की, कोणत्या बटणापुढे कोणाचे नाव आहे हे त्याला माहीतच नसते. चिन्ह छापायचे तर ते निवडणुकीच्या थोडे आधी व्हीव्हीपॅटमध्ये भरावे लागते आणि त्यासाठी ‘सिम्बॉल लोडिंग युनिट’ नावाचे उपकरण वापरतात. म्हणजे उमेदवार ठरल्यानंतर बाहेरची माहिती व्यवस्थेत शिरते. २६ एप्रिल २०२४ रोजी न्या. संजीव खन्ना व न्या. दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने मतपत्रिकेकडे परतण्याची आणि सर्व चिठ्ठ्या मोजण्याची मागणी फेटाळली, परंतु ही उपकरणे सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपण्याचा आदेश दिला. शिवाय दुसऱ्या व तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारांना, निकालापासून सात दिवसांत अर्ज करून व खर्च भरून, प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच टक्के यंत्रांची स्मृतिचिप तपासून घेण्याचा हक्क मिळाला. पराभूत उमेदवाराला यंत्राच्या आत पाहण्याची ही पहिली वाट होती.

मारकडवाडी आणि बुआना लाखू

नोव्हेंबर २०२४च्या महाराष्ट्र विधानसभा निकालानंतर ज्येष्ठ समाजवादी कार्यकर्ते बाबा आढाव यांनी पुण्याच्या फुले वाड्यात आत्मक्लेश उपोषण केले आणि सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले मारकडवाडी हे गाव देशभर चर्चेत आले. गावातील केंद्रांवरचे आकडे आपल्या अंदाजाशी जुळत नाहीत, असे सांगून ग्रामस्थांच्या एका गटाने ३ डिसेंबर रोजी स्वखर्चाने, मतपत्रिकांवर, चाचणी मतदान घेण्याचे ठरवले. प्रशासनाने जमावबंदी लागू केली, असे मतदान कायद्याला धरून नाही असे बजावले आणि ते झाले नाही. या गटाचा ज्यांना पाठिंबा होता ते उत्तम जानकर त्या मतदारसंघातून निवडून आलेले होते; म्हणजे वाद जागेचा नव्हता, गावाच्या आकड्याचा होता. हा आकडा गावाला कळला तो यंत्रामुळेच. गुप्त मतदानाच्या दुसऱ्या फेरीतून पहिल्या फेरीची सत्यता सिद्ध होत नाही हे खरेच, कारण दडपण, लाज आणि बदललेले वारे यांनी तीच माणसे वेगळे मत देऊ शकतात. पण ज्या व्यवस्थेने गावाला त्याचा आकडा सांगितला, तिने त्याच केंद्रांच्या चिठ्ठ्या गावासमोर मोजण्याचा कोणताही सोपा मार्ग मतदारांना दिलेला नव्हता. तपासणीचा हक्क उमेदवाराचा होता, आणि इथे उमेदवार जिंकलेला होता.

याच्या शेजारी हरियाणातील पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावचे उदाहरण ठेवले पाहिजे. तेथे नोव्हेंबर २०२२ मध्ये झालेल्या सरपंचपदाच्या निवडणुकीत एका केंद्रावर मतांच्या नोंदीत गफलत झाल्याचा दावा होता. अनेक न्यायालये पार करून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये त्या न्यायालयाच्या आवारात, दोन्ही बाजूंसमोर, चित्रीकरणासह यंत्रांवरील मते पुन्हा मोजली गेली व निकाल उलटला. यंत्राने मते बरोबर नोंदवली होती; चूक माणसांच्या नोंदीत होती. यंत्र जपलेले होते म्हणून खरा निकाल सापडला, पण तो सापडायला सरपंचपदाच्या मुदतीचा निम्म्याहून अधिक काळ गेला. मारकडवाडीत पडताळणीची वाट नव्हती आणि बुआना लाखूत ती होती, पण फार लांबची होती; एवढ्या दोन उदाहरणांत या वादाचे आजचे रूप सामावलेले आहे.

सध्याच्या व्यवस्थेचा भार प्रत्यक्षात उमेदवारांच्या प्रतिनिधींवर आहे. अभिरूप मतदान त्यांच्यासमोर होते, मोहोरांवर त्यांच्या सह्या असतात आणि मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण मतांची नोंद असलेल्या नमुना १७-गची प्रत त्यांच्या हाती देतो, जेणेकरून मोजणीच्या दिवशी यंत्रातील एकूण मते त्या प्रतीशी ताडून पाहता यावीत. ही साखळी मजबूत आहे, पण दहा लाखांहून अधिक केंद्रांवर दिवसभर जागरूक माणूस बसवणे मोठ्या पक्षांनाही जड जाते. लहान पक्ष व अपक्ष यांना ते जमतच नाही. जिथे प्रतिनिधी नाही तिथे ती प्रत घ्यायलाही कोणी नसते, आणि मग निकालानंतर उरतो तो अधिकाऱ्यांचा शब्द.

पंचाहत्तर वर्षांचा हा इतिहास मतपत्रिकेकडे परत जाण्याची शिफारस करत नाही, कारण शिक्के मारणाऱ्या टोळ्यांनी ज्यांचे मत हिरावले त्यांना यंत्राने ते परत दिले आहे. तो यंत्राविषयी निःशंक राहायलाही सांगत नाही, कारण प्रत्येक सुधारणा, मग ती खुणेची मतपत्रिका असो, कलम ६१-क असो, व्हीव्हीपॅट असो की चिपची तपासणी, कोणीतरी शंका घेऊन ती नेटाने लावून धरल्यामुळेच आली. पुढचे पाऊलही याच वाटेवर आहे. चिठ्ठ्यांच्या मोजणीचे प्रमाण मतदारसंघाचा आकार व विजयाचा फरक पाहून संख्याशास्त्राच्या आधारे ठरावे, म्हणजे अटीतटीच्या लढतीत आपोआप अधिक चिठ्ठ्या मोजल्या जातील. चिठ्ठी आणि यंत्र यांत फरक निघाला तर तपासणीचा विस्तार कसा होईल हे आधीच नियमांत लिहिलेले असावे. पडताळणीचा खर्च पराभूताच्या खिशावर अवलंबून नसावा. आणि निवडणूक याचिकांचा निवाडा मुदतीच्या पूर्वार्धात व्हावा. यांपैकी एकाही गोष्टीसाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही. चिठ्ठ्या छापल्या जातच आहेत, पेट्या सीलबंद होऊन जपल्याही जात आहेत. त्या उघडून सर्वांसमोर मोजण्याचा खर्च आणि वेळ हा निवडणुकीच्या खर्चाचाच भाग मानला, तर हरलेल्या उमेदवाराला निकाल मान्य करण्यासाठी कोणाच्याही शब्दावर विसंबावे लागणार नाही.